लातूरची पोरगी, जांभ्याचं घर

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. दहावी, १९९६ ची बॅच)



आधी एक कबुली देते. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी मला हमखास ताप यायचा. आज ताप नाही, पण हात गार पडलेत. संयोजकांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, हे कॉम्प्युटरवर बोलायला सांगणार. गेली बावीस वर्षं मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, बँकांचे पैसे इकडून तिकडे जातात त्यामागचा कोड लिहिते, त्यावर दहा मिनिटं बोलता आलं असतं. पण ते म्हणाले, "ते नको. ते तुझं कोकणातलं घर, त्यावर बोल."

त्याला कारण आहे. मागच्या वर्षी मी आपल्या ग्रुपवर घराचे फोटो टाकले. जांभ्या दगडाच्या भिंती, चुन्याचा गिलावा, वर मंगळुरी कौलं. पन्नासेक अंगठे आले, चार-पाच जणांनी "भाडं किती एका दिवसाचं" असं विचारलं, आणि एकीने फक्त एक ओळ लिहिली : "लातूरची पोरगी असून दगडाचं घर? किल्लारी विसरलीस का गं?" तिने ते रागाने लिहिलं नव्हतं. तिच्या घरचं काय गेलं होतं ते मला माहीत आहे. मी उत्तर टाइप करायला घेतलं, दोनदा पुसलं आणि शेवटी नुसता नमस्काराचा हात टाकला. आजचं बोलणं हे तेव्हाचं राहिलेलं उत्तर आहे.

आपण तेव्हा आठवीत होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, गावोगावी लोक उशिरा झोपले होते. लातूर शहरात आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मांडणीवरची भांडी पडली, आपण बाहेर पळालो, आणि दोन तासांनी लोक हसत एकमेकांना "तुमच्याकडे काय पडलं" असं विचारत होते. मग चाळीसेक किलोमीटरवरून पहिले ट्रॅक्टर आले आणि हसणं थांबलं.

माझं आजोळ औसा तालुक्यात, तेरणेच्या काठी. गावाचं नाव घेत नाही, कारण गाव आता त्या जागेवर नाही. तिथलं घर पाच खणांचं, माळवदाचं होतं. इथे समोर बसलेल्या निम्म्या लोकांनी असं घर पाहिलंय, पण तुमची मुलं सोबत आली आहेत, त्यांच्यासाठी सांगते. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, सांध्यात नुसती माती. आत सागवानी खांब, त्यावर तुळया, वर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. तेच माळवद. उन्हाळ्यात वरून आग पडत असायची आणि आत आजी गोधडी पांघरून दुपारची झोप घ्यायची. खिडक्या जवळजवळ नव्हत्याच. उजेडासाठी माळवदाला एक भोक ठेवलेलं होतं, त्याला आमच्याकडे सवणं म्हणत. पावसात त्यावर पाटी पालथी घालायची. सवण्यातून उन्हाचा एक कवडसा खाली पडायचा आणि दिवसभर जमिनीवरून सरकत जायचा. कवडसा उतरंडीपाशी आला की आजी चूल पेटवायची. घरात घड्याळ होतं, पण ते आजोबांसाठी. आजीचं काम कवडशावर चाले.

त्या रात्री आजोबा पारावर झोपले होते. आजी आत होती.

एवढंच सांगते. पुढचं इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, दोन्ही जिल्हे मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. आपल्या शाळेत भाकरी गोळा करण्याचं काम आठवी-नववीकडे होतं. चादरीवर भाकरींचे ढीग लावताना मी मोजत होते, आणि कितीपर्यंत मोजलं ते मला आजही आठवत नाही. नंतर पाऊस लागला.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा, कारण सर आज समोर आहेत. त्या वर्षी जूनमध्ये भूगोलाच्या सरांनी आपल्याला शिकवलं होतं, दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, इथे मोठा भूकंप होत नाही. पुस्तकात तसंच होतं. देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशातही हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये होता. शाळा पुन्हा सुरू झाली त्या दिवशी सर वर्गात आले, फळ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं." सर, तुम्ही चुकीचं शिकवलं नव्हतं, नकाशाच चुकीचा होता. २००२ साली तो पहिला झोनच नकाशातून काढून टाकला आणि लातूर तिसऱ्यात आलं. पण "माझं चुकलं" असं म्हणणारा मोठा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो तुम्ही.

तर, भूकंपानंतर आपण सगळ्यांनी मिळून एक निष्कर्ष काढला : दगडमातीने माणसं मारली. स्लॅब टाका, नाही जमलं तर पत्रे टाका, पण माती नको. पडून गेलेल्या भागात माणसं मातीच्या भिंतीजवळ उभी राहीनात. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, जमिनीच्या मानाने २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. आजोबांना ४०० चं मिळालं. घर मजबूत होतं, यात शंका नाही. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता आजोबा त्या घराबाहेर, बाभळीखाली बाज टाकून पडलेले असत. जुन्या घराचे सागवानी खांब त्यांनी मागच्या अंगणात रचून ठेवले होते. कुणाला विकूही देत नव्हते, वापरूही देत नव्हते. शेवटी ते वाळवीने खाल्ले.

आणि आई. आपल्या लातूरच्या घराला स्लॅब होता, तरी भूकंपानंतर वर्षभर आई अंगणात झोपली. नंतर ती आत आली, पण दगडी भिंतीच्या कुठल्याही घरात तिने पुन्हा पाठ टेकली नाही. नातेवाइकांकडे लग्नाला गेलो आणि घर जुनं असलं की आई रात्रीच्या एसटीने परत. आम्ही भावंडं चिडायचो. हे सांगायची आता लाज वाटते.

दहावी झाली, लातूर पॅटर्नच्या गिरणीतून दोन वर्षं पीठ होऊन निघाले आणि १९९८ साली नांदेडला इंजिनियरिंगला गेले, श्री गुरू गोबिंदसिंघजी कॉलेजला. ब्रँच कॉम्प्युटर. पण होस्टेलवर माझी रूममेट सिव्हिलची होती. तिच्या टेबलावर एकदा एक चित्र पाहिलं : दगडी भिंतीचा उभा छेद. मी विचारलं हे काय, आणि ती म्हणाली, "तुमच्याकडची भिंत."

त्या रात्री तिने मला जे समजावलं ते मी तिच्याच पद्धतीने सांगते. आपल्याकडची जाड भिंत ही एक भिंत नसायची, त्या दोन भिंती असायच्या. एक आतला थर, एक बाहेरचा थर, दोन्हीचे दगड चेहऱ्याकडून नीट लावलेले, आणि मधे लहान-मोठे गोटे आणि माती भरलेली. या दोन थरांना एकमेकांशी बांधणारा, आरपार जाणारा लांब दगड क्वचितच असायचा. जमीन हलली की मधली भर खाली बसते, दोन्ही थर फुगतात आणि सुटतात. कोपऱ्यातही दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्या नसायच्या, नुसत्या टेकलेल्या. आणि वर माळवद. माळवदाला भेगा पडतात, गळतं, म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी पांढरीतली माती आणून एक थर वाढवायचा. आजोबांनी वाढवला, त्यांच्या वडिलांनी वाढवला. कुणी जुना थर काढून मग नवा घातला असं नाही. गळती थांबत होती आणि वजन चढत होतं. कित्येक घरांत भूकंपानंतर लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या होत्या, ढासळल्या होत्या त्या भिंती.

"म्हणजे मातीने नाही मारलं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "मातीचं काय गं, बांधणीचं बघ."

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून मी रडले. मातीची आणि कच्च्या दगडकामाची घरं भूकंपात कशी टिकवावीत याची भारतीय मानकं आहेत, आयएस १३८२७ आणि १३८२८. आरपार दगड किती अंतरावर घाला, कोपरे कसे बांधा, जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली घराला पट्ट्यासारखा आडवा बंध कसा फिरवा, सगळं त्यात आहे. दोन्ही मानकांवर साल आहे १९९३.

नंतर भूकंपग्रस्त भागात त्याच पद्धतीने मोठं काम झालं, तेही सांगायला हवं, कारण आपण नव्या वसाहतींबद्दलच बोलतो. जी गावं हलवली नाहीत तिथल्या जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट घालायचं, म्हणजे जो दगड आधी घातला नाही तो मागाहून घालायचा. हे घरोघरी समजावण्यासाठी गावातल्याच बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं होतं. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यात होती. आणि बाणेगावची घरं लॉरी बेकर यांच्या आराखड्यावर उभी राहिली. हे केरळात राहिलेले मूळचे इंग्रज वास्तुविशारद, जवळ मिळणाऱ्या साहित्यात बांधायचं हे ज्यांनी आयुष्यभर केलं. गावकऱ्यांना मल्याळम वर्तमानपत्राच्या वाचकांनी दिलेली मदत त्यामागे होती. तिकडची घरं लातूरला आली आणि मी लातूरहून तिकडे समुद्राकडे गेले, असं कधी कधी मनात येतं.

आता समुद्राकडे येते.

माझं सासर दापोली तालुक्यातलं, हर्णैच्या अलीकडे. सासऱ्यांचं जुनं घर चिऱ्याचं, कौलारू. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि त्याने आमच्या घराची कौलं पत्त्यासारखी उडवली, वाडीतल्या निम्म्या पोफळी मोडल्या. भिंती उभ्या राहिल्या, पण पुढचा सबंध पावसाळा लाकूड उघड्यावर भिजलं. तेव्हा सगळ्यांचं घरून काम सुरू होतं. आम्ही ठरवलं की घर नव्याने बांधायचं आणि वर्षातले काही महिने तिथे राहायचं.

पहिला आराखडा आरसीसीचाच होता. तो मीच मागितला होता. होस्टेलवरची ती सगळी रात्र डोक्यात असूनही हात सिमेंटकडेच गेला. भीती डोक्यात नसते, ती हातात असते, असं मला तेव्हा कळलं. मग वाडीतल्या एका शेजाऱ्यांचं घर पाहिलं, जेमतेम अठरा वर्षांचं. पडवीवरच्या स्लॅबचे पोपडे सुटलेले, सळया उघड्या, तांबड्या. समुद्राच्या वाऱ्यातला क्षार काँक्रीटमध्ये झिरपतो, सळई गंजते, गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीटला आतून फोडतं. कुणी खाडीची खारट वाळू वापरली असेल तर विचारूच नका. किनाऱ्यावर चांगलं आरसीसी होत नाही असं नाही, पण त्याला कडक शिस्त लागते, आणि शिस्तीचा गवंडी मिळाला तरी शिस्तीची वाळू मिळत नाही. त्याच वाडीत चुन्यात बांधलेल्या चिऱ्याच्या भिंती शंभरीला आलेल्या होत्या.

माझ्या सिव्हिलच्या मैत्रिणीला फोन लावला. ती आता नांदेडलाच असते. ती म्हणाली, "वीस वर्षांनी विचारलंस. बोल."

चिरा म्हणजे जांभा दगड. खाणीतून काढताना मऊ असतो, करवतीने कापता येतो, आणि हवा लागली की हळूहळू कडक होतो. बुकॅनन नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने केरळात हा दगड पाहिला, लोक त्याच्या विटा पाडत होते म्हणून विटेच्या लॅटिन नावावरून १८०७ साली त्याला लॅटराइट म्हटलं. आपल्या काळ्या बसाल्टच्या गोट्यांशी याचं नातं लांबचं. त्याला चार कोपरे असतात, तो दुसऱ्या दगडावर बसतो. आम्ही भिंत अशी बांधली की एका थरात चिरा लांबीने आणि पुढच्या थरात आरपार. दोन भिंतींची एक भिंत. गवंड्याला हे सांगावं लागलं नाही, त्याचा आजाही तसंच बांधायचा. मी मात्र प्रत्येक थराला जाऊन मोजत असे. एकदा तो म्हणाला, "ताई, तुमचा आमच्यावर विश्वास नाय का?" मी म्हणाले, "दादा, तुमच्यावर आहे. भिंतीवर नाही." मग मी त्याला आजीचं सांगितलं. त्यानंतर प्रत्येक थर झाला की तोच मला हाक मारायचा.

खरी अडचण पुढे होती. भूकंपाचा आडवा बंध म्हटला की त्यात सळई आली, आणि सळई आली की समुद्र आला. लातूरची भीती आणि हर्णैची हवा एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहिल्या. कोकणात कुठला भूकंप असं कुणी म्हणेल, पण सह्याद्रीच्या पलीकडे कोयना आहे, तिथे ११ डिसेंबर १९६७ ला काय झालं ते इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. महिनाभर वाद चालला. शेवटी जोत्यावर आणि दारांच्या वर काँक्रीटचे बंध केले, पण गोड्या पाण्यात, क्रश सँड वापरून, सळईवर नेहमीपेक्षा जाड आवरण ठेवून, आणि बाहेरून चुन्याने झाकून. छपराखालचा बंध मात्र लाकडाचा, ऐनाचा. मानकात लाकडी बंधाला परवानगी आहे. त्यामुळे माझं घर काही शंभर टक्के नैसर्गिक नाही. ग्रुपवर तसं कुणी कुणी लिहिलं होतं, ते दुरुस्त करून घ्या. सिमेंट जिथे माणूस वाचवतं तिथे घातलंय, इतर ठिकाणी नाही.

छपराचं गणित तर उलटं. आपल्याकडे छप्पर जड म्हणून माणसं गेली, तिथे छप्पर हलकं म्हणून उडून गेलं. कौलंच घातली, पण वासे भिंतीच्या बंधाला पोलादी पट्ट्यांनी जखडले, कडेच्या आणि आढ्याच्या रांगा चुन्यात बसवल्या, मधली कौलं तांब्याच्या तारेने बांधली. छपराची झेप कमी ठेवली आणि पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं केलं, म्हणजे वाऱ्याने पडवी उचलली तरी घर राहील. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते सांगत नाही, संयोजकांनी कॉम्प्युटर नको म्हटलंय.

माझ्या चुका सांगते, कारण त्या मी पैसे मोजून विकत घेतल्यात. चुना हा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो, त्याला महिने लागतात. हे मी वाचलं होतं, मैत्रिणीनेही बजावलं होतं. पण पावसाआधी घर "दिसायला हवं" म्हणून मे महिन्याच्या शेवटी पश्चिमेच्या भिंतीला गिलावा करायला लावला. गवंडी नको म्हणत होता. लातूरला वर्षाकाठी साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, दापोलीकडे त्याच्या चौपट आणि तोही आडवा. ज्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या गावच्या मुलीला पावसाचा अंदाज तो काय असणार! जुलैत सगळा गिलावा खाली उतरला. दिवाळीनंतर पुन्हा केला, या वेळी सुरखी घालून.

दुसरी चूक उजेडाची. समुद्र पश्चिमेला. प्रत्येक पाहुणा म्हणतो, इकडे मोठी काच का नाही लावली? नाही लावली, कारण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही तिकडूनच येतात. तिकडे खोल पडवी आहे, समुद्र पडवीत बसून बघायचा. खिडक्या उत्तरेला आणि पूर्वेला मोठ्या ठेवल्या, भिंती आतून पांढऱ्या चुन्याच्या, त्यामुळे दिवसा दिवा लागत नाही. माजघर मात्र मध्यभागी, त्याला बाहेरची भिंत नाही. तिथे कोकणातला जुना उपाय : कौलांमध्ये काचेची कौलं. मी उत्साहाच्या भरात अकरा लावली. एप्रिलमध्ये माजघरात भाकरी आपोआप भाजली असती. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त पंखा घेऊन बसल्या. आता चार आहेत, उत्तरेच्या उतारावर.

आणि हे घर आळशी माणसाचं नाही. दरवर्षी मेमध्ये कौलं चाळायची, फुटलेली बदलायची, लाकडाला तेल द्यायचं, दोन-तीन वर्षांनी चुना काढायचा. खर्च आरसीसीपेक्षा कमी आला का, असं विचाराल तर नाही, थोडा जास्तच आला, कारण चुन्याचं काम येणारे हात कमी उरलेत आणि त्यांना नीट मजुरी द्यायला हवी. आणखी एक : ज्यांना किनाऱ्यावर जागा घ्यायची आहे त्यांनी आधी सीआरझेडचा नकाशा पाहावा. आमचं जुन्या घराच्या जागी नवं घर होतं, तरी कागदांना आठ महिने लागले. लाटांच्या अगदी जवळचा "स्वस्त" प्लॉट कुणी दाखवला तर त्याला चहा पाजा आणि घरी या.

आता आई. तिला सांगायलाच मला वर्ष लागलं. घर पूर्ण झाल्यावर, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तिला घेऊन गेले. तिने उंबऱ्याबाहेर उभं राहून भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "दगडाचं हाय?" मी हो म्हणाले. ती पडवीत बसली. जेवण पडवीत, झोप पडवीत, पहिल्या तीन रात्री. मी काही समजावायला गेले नाही. पडवीच्या एका कोपऱ्यात हातभर भाग मी मुद्दाम गिलाव्याविना ठेवला होता, चिऱ्यांची गुंफण दिसावी म्हणून. खरं सांगायचं तर तो मी तिच्यासाठीच ठेवला होता. दुसऱ्या दिवशी गवंडीदादा काही कामाने आले. तासाभराने पाहते तर आई त्यांच्याशी बोलते आहे. एक बोट चिऱ्यावर, "आन् ह्यो दगड तिकडून दिसतो का?" ते म्हणाले, दिसतो की. मग ती उठून आत गेली, भिंतीच्या आतल्या बाजूला तोच चिरा शोधायला. आत गिलावा होता, दिसला नाही. बाहेर येऊन मला म्हणाली, "आतून बी उघडं ठेवायला पायजे होतं." आम्ही दुसऱ्याच दिवशी तिथला गिलावा खरवडला. आता त्या कोपऱ्यात आत आणि बाहेर तोच दगड दिसतो. पाहुण्यांना वाटतं सजावट आहे.

चौथ्या दिवशी दुपारी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. माजघरात आई जमिनीवर बसलेली दिसली, एकटीच. काचेच्या कौलातून कवडसा पडला होता आणि ती त्याच्याकडे पाहत होती. मी कानातला हेडफोन काढला. ती म्हणाली, "आमच्या आईचं सवणं असंच हुतं." तीस वर्षांत तिने त्या घराबद्दल काढलेला हा पहिला शब्द होता. मग बराच वेळ बोलत राहिली : कोणत्या खणात काय ठेवायचे, कुणाचं बाळंतपण कुठे झालं, आजी गोधड्या कुठे रचायची. मीटिंगमध्ये कुणीतरी माझं नाव दोनदा घेतलं. मी कॅमेरा बंद केला.

त्या रात्री ती आत झोपली. दाराजवळ, उशाखाली बॅटरी घेऊन, पण आत.

जाताना तिने एक बदल सांगितला. माजघराचं दार आत उघडत होतं. ती म्हणाली, आत उघडणारं दार ढिगारा पडला की उघडत नाही. किल्लारीच्या पहाटेचं तिला जे माहीत होतं ते कुठल्याच मानकात मी वाचलं नव्हतं. सुताराला बोलावलं, बिजागऱ्या फिरवल्या. आता घरातली सगळी दारं बाहेर उघडतात. वाऱ्याने आपटतात म्हणून प्रत्येकाला खाली एक आकडा लावलाय, येणाऱ्याच्या पायाला तो हमखास लागतो.

तेव्हा ग्रुपवर तो प्रश्न विचारणाऱ्या माझ्या मैत्रिणीला, ती मागे चौथ्या रांगेत बसली आहे, मी एवढंच सांगते की विसरले नाही गं. मे महिन्यात ये, कौलं चाळायला माणसं कमी पडतात. आणि उतरताना आकडा बघून पाय टाक.